वहीतली साखर आणि लेव्हल

व्हिडिओ गेम खेळणारा माणूस म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे चौदा-पंधरा वर्षांचा, जेवणाचे ताट समोर येऊनही मान वर न करणारा मुलगा उभा राहतो. मुंबई-पुणे जुन्या रस्त्यालगत लोधिवलीत दवाखाना चालवताना माझ्या कानी येणारी तक्रार बहुधा याच मुलाची असते. अलीकडे मात्र आई मुलाविषयी जे सांगते, तेच सून सासऱ्यांविषयी सांगू लागली आहे. "डॉक्टर, तुम्हीच बाबांना सांगा. चहा थंड होतो, जेवायला बोलावले की 'एवढी एक लेव्हल' म्हणतात."

हे 'बाबा' त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. पाताळगंगा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात त्यांनी तीसेक वर्षे पाळ्यांमध्ये काम केले. मधुमेह जुना, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन, रक्तदाबाची गोळी आणि सहा वर्षांपूर्वी पत्नी गेल्यापासून मागच्या खोलीत एकट्याचे बिऱ्हाड. सून तक्रार करीत असताना ते गृहस्थ खुर्चीत शांत बसून होते. तिचे संपल्यावर त्यांनी पिशवीतून एक दोनशे पानी वही काढून माझ्यापुढे ठेवली. डावीकडच्या रकान्यात रोजची उपाशीपोटीची साखर, उजवीकडच्या रकान्यात त्या दिवशी गाठलेली लेव्हल, आणि प्रत्येक नोंदीपुढे वेळ. कारखान्यातल्या लॉगबुकची शिस्त माणूस निवृत्त झाल्यावरही सुटत नाही, हे मला तेव्हा कळले. इतकी व्यवस्थित वही माझ्या मधुमेही रुग्णांत दुसऱ्या कुणाचीच नाही.

खेळांचा त्यांचा शौक नवा नव्हे. नव्वदच्या दशकात बाजारात हाताच्या पंजाएवढे 'ब्रिक गेम' नावाचे यंत्र स्वस्तात मिळत असे. वरून पडणाऱ्या विटा फिरवून ओळी भरायच्या. त्याचे मूळ 'टेट्रिस' हा खेळ अलेक्सेई पाझित्नोव्ह या संगणकतज्ज्ञाने १९८४ साली मॉस्कोत तयार केला होता. आमच्या काकांना हे नाव ठाऊक नव्हते. रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत झोप उडवायला याच्याइतके उत्तम साधन नाही, एवढे मात्र ठाऊक होते. पुढे नोकियाच्या फोनवरचा साप आला. आता नातवाने दिलेल्या टॅबवर 'कँडी क्रश' असतो, आणि दुपारी कर्जतला राहणाऱ्या बहिणीबरोबर 'लुडो किंग'. हा खेळ नवी मुंबईतल्या एका कंपनीने २०१६ साली आणला आणि टाळेबंदीच्या काळात तो घरोघर पोचला. काकांना त्याचे अप्रूप वेगळ्याच कारणाने वाटते. ते म्हणतात, आमच्या आजीच्या सारीपाटाला परदेशात नेऊन लुडो केला आणि आता तो वाशीच्या खाडीवरून परत आला. विनोद सोडला तरी गोष्ट खरी आहे. पचिशीवरून बेतलेल्या लुडोचे पेटंट इंग्लंडमध्ये १८९६ साली घेतले गेले.

बंदुकीचे खेळ ते खेळत नाहीत. नातू खेळत असला की मागे बसून मात्र सल्ला देतात, आणि तो सल्ला बहुधा 'आधी भिंतीआड हो' असा असतो. जपानमध्ये हमाको मोरी नावाच्या आजी पन्नाशीनंतर या छंदाकडे वळल्या आणि २०२० साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, व्हिडिओ गेमची वाहिनी चालविणाऱ्या सर्वांत वयोवृद्ध व्यक्ती म्हणून गिनेस बुकात गेल्या. हे मी सांगितले तेव्हा काकांनी सुनेकडे केवळ एक दृष्टिक्षेप टाकला.

आता डॉक्टरचे काम. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या नव्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर'चा समावेश केला आहे. हे वर्गीकरण २०१९ साली स्वीकारले गेले आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्याची खूण तासांवर ठरत नाही. खेळावर ताबा न राहणे, बाकीच्या कामांपेक्षा आणि आवडींपेक्षा खेळच मोठा होत जाणे, आणि नुकसान डोळ्यांनी दिसत असूनही तो चालू राहणे, हे सर्व सामान्यतः वर्षभर टिकले आणि त्याने माणसाचे घर, काम वा नाती विस्कटली, तर त्याला विकार म्हणावे. काकांना हे काहीही लागू नव्हते. पहाटे साडेपाचला ते उठत होते, पाताळगंगेच्या बाजूला फिरून येत होते, वर्तमानपत्र वाचत होते, पत्नीच्या श्राद्धाची तिथी त्यांना ठाऊक होती. चहा थंड होणे हा आजार नव्हे.

तरीही सुनेची काळजी निराधार नव्हती. फक्त धोका ती ज्याला म्हणत होती तिथे नव्हता. इन्सुलिन टोचून झाल्यावर 'एवढी एक लेव्हल' म्हणत जेवण अर्धा तास लांबले, तर रक्तातली साखर घसरते. घाम, थरथर, गोंधळ आणि कधी बेशुद्धी. हा खरा धोका. दुसरा म्हणजे लघवी रोखून धरणे. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाने डाव संपेपर्यंत बसून राहावे आणि मग अंधारात घाईने उठावे, यातून पडझड होते. मांडीचे हाड मोडलेले असे दोन रुग्ण मी पाहिले आहेत, एक टीव्हीवरच्या सामन्यापायी आणि एक पत्त्यांपायी. पडद्याकडे टक लावल्याने पापण्यांची उघडझाप कमी होते, डोळे कोरडे पडून चुरचुरतात. तासन्‌तास पाय लोंबते ठेवून बसल्याने घोट्यांवर सूज येते. अंगठ्याच्या मुळाशी शीर दुखते, ती रात्री शेकण्यापेक्षा दिवसा विश्रांतीने लवकर बरी होते. झोपेचे म्हणाल तर पडद्याच्या उजेडाइतकीच ती हुकलेल्या डावाच्या रुखरुखीने उडते. म्हणून झोपण्याआधीचा तासभर टॅब दुसऱ्या खोलीत असलेला बरा.

उपायही त्यांच्याच खेळात सापडला. 'कँडी क्रश'मध्ये पाच 'जीव' मिळतात. डाव हरला की एक जातो आणि अर्ध्या तासाने एक परत येतो. मी लिहून दिले : जीव संपले की उठायचे, स्वच्छतागृहात जायचे, अंगणात दहा मिनिटे फिरायचे. जिंकतच राहिलात तर गजर आहेच. आणि इन्सुलिन टोचले की ताट समोर येऊन जेवण होईपर्यंत टॅब सुनेच्या ताब्यात. ही अट त्यांनी हसून मान्य केली, कारण ती त्यांच्या भाषेत होती. सुनेला मी एवढेच सांगितले की रोज दहा मिनिटे शेजारी बसून ते काय खेळतात ते पाहा. तिला ते फारसे पटलेले दिसले नाही. हे काम पुढे तिच्या मुलाने, अकरावीतल्या नातवाने, आपणहून उचलले, आणि त्याचेच मोल पुढे कळले.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी सव्वासातला त्या नातवाचा फोन आला. "डॉक्टरकाका, आजोबा उजवीकडच्या गोळ्यांकडे बघतच नाहीत. समोर चार लाल आहेत, मी दाखवतोय, तरी डावीकडेच खेळतायत." मागून आजोबांचा आवाज : "आज खेळानेच मला कमी गोळ्या दिल्यात." त्यांना कुठे दुखत नव्हते. बोलणे स्पष्ट होते, तोंड वाकडे नव्हते, हात-पाय चालत होते. दुसऱ्या कुठल्याही घरात एव्हाना 'चष्मा बदलायला हवा' म्हणून हा विषय संपला असता.

मी पावसातून पोचलो. आधी बोटातून साखर तपासली, कारण साखर घसरल्यावरही पक्षाघाताची सोंगे दिसतात. ती १६८ होती. मग त्यांच्यासमोर बसून, एकेक डोळा झाकायला लावून, माझी बोटे बाजूने हळूहळू पुढे आणली. दोन्ही डोळ्यांनी उजव्या बाजूचे बोट त्यांना दिसत नव्हते. डोळा एकच बिघडला असता तर दुसऱ्याने दिसले असते. दोन्ही डोळ्यांची एकच बाजू जाते तेव्हा दोष बहुतेक डोळ्यात नसतो, मेंदूत असतो. उजवीकडचे दिसत नाही याचा अर्थ डाव्या बाजूच्या मागच्या भागाचा रक्तपुरवठा अडला असण्याची दाट शक्यता. नाडीही अनियमित लागत होती.

अशा वेळी पहिला प्रश्न असतो की हा माणूस शेवटचा ठणठणीत केव्हा होता. रक्ताची गाठ विरघळविणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि ती वेळ लक्षण प्रथम दिसल्यापासून नव्हे, तर माणूस शेवटचा बरा दिसल्यापासून मोजतात. बहुतेक घरांत इथेच गाडी अडते; 'रात्री झोपले तेव्हा बरे होते' यापलीकडे कुणाला सांगता येत नाही. इथे वही होती. ६.३५ ला त्यांनी स्वतः साखर लिहिली होती, अक्षर नेहमीचे, रकान्यात बरोबर बसलेले. ६.५० ला लेव्हलची नोंद, तीही उजवीकडच्या रकान्यात, ओळीला धरून. म्हणजे तोवर त्यांना उजवीकडचे दिसत होते. मी ती वही पिशवीत घालून बरोबर दिली.

ज्या रुग्णालयात चोवीस तास सी.टी. स्कॅनची आणि मेंदूविकारतज्ज्ञाची सोय आहे तिथे फोन करून पाठवणी केली. घरच्यांना ॲस्पिरिन देऊ दिले नाही, कारण आत गाठ आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कळत नाही. रक्तदाब १७० होता तरी त्याची जादा गोळी दिली नाही. पाणी वा चहाही नाही, कारण गिळताना ठसका लागण्याची भीती असते. स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता आणि इंजेक्शन वेळेत मिळाले. हृदयाची लय अधूनमधून बिघडते हे पुढच्या तपासण्यांत दिसले. त्यासाठी आता रक्त पातळ ठेवणारी गोळी कायमची.

पक्षाघाताची लक्षणे सांगताना आपण चेहरा, हात आणि बोलणे यांवर थांबतो. अचानक तोल जाणे आणि अचानक नजर जाणे, निम्मे दिसेनासे होणे वा दोन-दोन दिसणे, हीही तितकीच तातडीची लक्षणे आहेत. वेदना नसते म्हणून माणूस थांबतो, आणि अनेकदा त्याला स्वतःला आपले निम्मे जग गेल्याचे कळतही नाही; तो खेळाला, चष्म्याला, उजेडाला दोष देतो. शेजारी बसणाऱ्याला ते कळते. अशा वेळी १०८ला फोन करावा, आणि घड्याळ पाहून वेळ लिहावी.

खेळाने मेंदू तल्लख होतो का, असे मला आता वरचेवर विचारतात. २०१३ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी साठ ते पंच्याऐंशी वयाच्या लोकांना मुद्दाम तयार केलेला मोटार हाकण्याचा खेळ खेळायला दिला, आणि एका वेळी दोन गोष्टींवर लक्ष ठेवण्याची त्यांची क्षमता सुधारलेली आढळली. यावरून बाजारातला प्रत्येक 'ब्रेन गेम' स्मृतिभ्रंश रोखतो असे ठरत नाही. तसे भासविणाऱ्या जाहिरातींबद्दल 'ल्युमोसिटी'च्या कंपनीला २०१६ साली अमेरिकेत वीस लाख डॉलर भरावे लागले. विरंगुळा म्हणून खेळा, औषध म्हणून विकत घेऊ नका. पैसे लावायचे खेळ तर नकोतच. निवृत्तीच्या रकमेचा मोठा भाग फोनवरच्या रमीत घालवलेले एक गृहस्थ माझ्याकडे झोपेची गोळी मागायला आले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने अशा खेळांवर बंदीचा कायदा केला, तरी नातेवाइकांनी आजी-आजोबांच्या खेळण्याच्या फोनला निवृत्तिवेतनाचे खाते जोडलेले नाही ना, हे एकदा पाहून घ्यावे.

शुश्रूषा करणाऱ्यांविषयीही एक वाक्य लिहायचे राहते. अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचे सगळे करणाऱ्या एक बाई रात्री त्याला कुशीवर वळवून झाल्यावर पंधरा मिनिटे फोनवर विटा रचतात, आणि हे कुणाला सांगू नका, असे मला बजावतात. लपविण्यासारखे त्यात काय आहे, ते मला अजून उमगलेले नाही.

काकांची दृष्टी बरीच परतली; उजवीकडचा खालचा पाव भाग मात्र गेला तो गेला. त्या भागाकडे मुद्दाम मान आणि डोळे वळवून पाहण्याची सवय त्यांना लावावी लागते आहे, आणि त्यासाठी थेरपिस्टने दिलेल्या कागदांबरोबरच टॅबही कामी येतो. नातू उजव्या कडेला लाल चिकटपट्टी लावून देतो. पट्टी दिसली की मगच चाल करायची. खेळाने गेलेला भाग परत येत नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले आहे. स्कूटर बंद केली. तो वाद मात्र कडाक्याचा झाला. खेळ सोडा म्हटले असते तर इतके दुखले नसते, असे ते म्हणाले. चौकच्या बाजारात स्वतः जाऊन भाजी आणणे ही त्यांची शेवटची नोकरी होती. आता सून त्यांना रिक्षातून नेते, आणि रिक्षात लुडोचा डाव निम्मा होतो.

वहीत तिसरा रकाना आला आहे. त्याचे शीर्षक 'उजवीकडे सुटलेल्या' असे आहे. पहिल्या आठवड्यात तिथे चौदा, सोळा असे आकडे होते. गेल्या तपासणीच्या दिवशीची नोंद मी पाहिली : साखर १३६, लेव्हलच्या रकान्यात नेहमीप्रमाणे मला न कळणारा मोठा आकडा, आणि पुढे ३.