आडवाटेने गुहागर : प्रवासाची आखणी मुलांकडे द्या

सुट्टी लागली की आपण प्रवासाला निघतो. मोबाईल डावीकडे वळा म्हणतो, आपण वळतो. मागे बसलेली मुलं मान खाली घालून गेम खेळत असतात आणि अधूनमधून विचारतात, "आलं का?" वाटेत कोणती नदी ओलांडली, कोणता तालुका लागला, काही पत्ता नसतो. म्हणून शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, एक सुचवावंसं वाटतं. एखाद्या प्रवासाची आखणी मुलांच्या हाती देऊन पाहा, आणि रस्ता मुद्दाम आडवाटेचा निवडा.

आम्ही गुहागर ठरवलं. पुण्याहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि तिथून साधारण ४५ किलोमीटर, हा सरळ रस्ता. आम्ही किनाऱ्याचा घेतला. पहिला मुक्काम हरिहरेश्वरला. दुसऱ्या दिवशी बागमांडला, वेश्वी, केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरुड, दाभोळ आणि शेवटी गुहागर. सातवीतल्या लेकीसमोर नकाशा, दोरा, पट्टी आणि वही ठेवली.

तिचा पहिला प्रश्न, "बाबा, रस्ता मध्येच तुटलाय?" खरंच तुटतो. बागमांडल्याला सावित्रीची खाडी आडवी येते, दाभोळला वाशिष्ठीची. तिथे गाडी फेरीबोटीत चढवून पलीकडे जायचं. मग महामार्ग का तुटत नाही? कारण तो आतून, सह्याद्रीच्या बाजूने जातो. महाडजवळची सावित्री आणि चिपळूणची वाशिष्ठी पुलावरून ओलांडता येते. त्याच नद्या समुद्राजवळ रुंद खाड्या होतात. हा धडा तिने परीक्षेत लिहिला होता. आता तो तिच्या वेळापत्रकात आला.

'मुरुड' शोधलं तर दोन निघाली. एक रायगडात जंजिऱ्याजवळचं, दुसरं दापोली तालुक्यातलं. गावासोबत तालुका आणि जिल्हा का लिहायचा, हे वेगळं शिकवावं लागलं नाही. आपल्या वाटेवरचं मुरुड म्हणजे महर्षी कर्व्यांचं. परीक्षेसाठी ते इथून साताऱ्यापर्यंत चालत गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही! सातारा नकाशात कुठे आहे ते पाहून लेक बराच वेळ गप्प होती.

मग गणित. नकाशावर दोरा वळणावळणाने ठेवून मोजला. दुसऱ्या दिवसाचं अंतर १०० किलोमीटर धरलं. ताशी ५० ने दोन तास, म्हणून ती खूश. पण चढउताराच्या अरुंद रस्त्यावर ताशी २५ च धरायचे. म्हणजे चार तास. शिवाय दोन्ही फेरीबोटींची वाट पाहणं. तेवढ्यात आजी म्हणाली, "मला दीड तासाच्या वर बसवत नाही गं. गुडघे धरतात. तुम्हीच जाऊन या."

लेकीने पान फाडलं आणि पुन्हा मांडणी केली. या वेळी सुरुवात शेवटाकडून केली. अंधार पडायच्या आत गुहागर, म्हणजे दाभोळची फेरीबोट किती वाजता, म्हणजे हर्णैचं जेवण किती वाजता, असं मागे मागे येत सकाळी सातला निघायचं ठरलं. केळशीला अर्धा तास आजीचे पाय मोकळे करायला. वेळापत्रक आजीच्या हातात देऊन म्हणाली, "बघ, आता बसतंय." आजीने पिशवी भरायला घेतली.

एक फोन मात्र आठवणीने करा. अशा लहान गावात घरगुती जेवण आधी सांगितलं तरच मिळतं. आम्ही पोचलो तेव्हा व्याडेश्वराच्या देवळात दिवे लागत होते, रस्त्यावर तुरळक माणसं होती आणि नारळी-पोफळीच्या वाड्यांपलीकडून समुद्राचा आवाज येत होता. "आलं का?" असं दिवसभरात कुणी विचारलं नाही. लेकच आम्हाला सांगत होती, आता काय येणार ते.

गाडी नसली तरी अडत नाही. शेजारच्या तालुक्याला जाणारी एसटीसुद्धा चालेल. नकाशा, दोरा, वही द्या आणि एक अट घाला : घरातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाला जमेल असं वेळापत्रक करायचं. पुढचं मुलं बघतात.