सीवरचा काटा

आमच्या पिकअपचा टेम्परेचरचा काटा गेली दोन वर्षं सीवरच होता. सकाळी सी, दुपारी सी, कांद्याच्या गोण्या भरून करंजी घाट चढतानाही सी! मी गावी गेलो की म्हणायचो, अण्णा, हे एकदा बघायला पाहिजे. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "गाडी तापली की मला वास येतो. काटा काय करायचाय?"

आणि ते खोटं नव्हतं. लहानपणी मी दोन-तीनदा पाहिलंय, अण्णांनी नुसत्या वासावरून घाटाखाली गाडी थांबवलेली. बॉनेट उघडलं की कधी बेल्ट ढिला, कधी पाणी कमी.

गेल्या महिन्यात नेप्तीच्या मार्केटला कांदा घेऊन निघालो होतो. घाटात मलाच वास आला, कुलंटचा तो गुळचट वास. अण्णा आपले भावाबद्दल बोलतायत. मी म्हटलं, "अण्णा, वास येतोय." ते म्हणाले, "कसला?"

गाडी थांबवली. होजची क्लिप ढिली होऊन वाफ येत होती.

२०२१ मध्ये अण्णांना कोविड झाला, तेव्हा त्यांचा वास गेला होता. नंतर आला, असं ते म्हणाले आणि आम्ही विश्वास ठेवला. तो पुरता आलाच नव्हता. म्हणजे आमच्या गाडीचे दोन सेन्सर गेले होते आणि दोन्ही "सगळं ठीक" सांगत होते.

पुढच्या शनिवारी मी पाने घेऊन बसलो. आधी तपासणी. सेन्सरची वायर काढून, चावी ऑन करून ती क्षणभर इंजिनच्या बॉडीला टेकवली. काटा सरळ एचकडे पळाला. म्हणजे काटा आणि वायर ठीक, दोष सेन्सरचाच. नगरहून ३५० रुपयांना नवीन आणला आणि आईच्या चहाच्या पातेल्यात बुडवून मल्टिमीटर लावला (आईला न विचारता). आत थर्मिस्टर असतो. तापमान वाढलं की त्याचा रेझिस्टन्स उतरतो. गार पाण्यात सहाशे ओहमच्या आसपास, उकळत्या पाण्यात चाळीसच्या खाली. जुन्यात मात्र सर्किटच तुटलेलं. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर वर बसलेला, तो वेगळाच.

बाकी काम अर्ध्या तासाचं. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच रेडिएटरची कॅप उघडायची, थोडं पाणी काढायचं, नवीन वॉशर टाकून सेन्सर बेताने आवळायचा. एक वायरचा सेन्सर आट्यांमधूनच अर्थिंग घेतो, म्हणून टेफ्लॉन टेप गुंडाळायचा मोह टाळायचा. मग कुलंट भरून हवा काढायची.

यात मला खटकलं ते एवढंच. या गाडीत वायर तुटली की काटा सीवर पडतो. म्हणजे "गार आहे" आणि "मला माहीत नाही" या दोन्हींसाठी एकच खूण! ऑफिसमध्ये आमचंही असंच होतं. मॉनिटरिंग बंद पडतं, ग्राफ शून्यावर सपाट होतो, आणि आम्ही म्हणतो आज सर्व्हर शांत आहे. आणि नवीन सेन्सरही सर्वज्ञ नाही. पाणीच संपलं तर तो हवेत लोंबकळत राहतो आणि तापमान कमी दाखवू शकतो. म्हणून रोज सकाळी पाणी बघायचंच, हे अण्णांकडून कबूल करून घेतलं.

वासाबद्दल मात्र आम्ही दोघंही काही बोललो नाही. चाचणीला निघालो तेव्हा त्यांनी एकदाच विचारलं, "हा मध्ये आला म्हणजे बरोबर ना?" मी हो म्हटलं.

परवा नेप्तीहून त्यांचा फोन आला. आजवर पहिलं वाक्य कांद्याच्या भावाचं असायचं. या वेळी म्हणाले, "घाटात काटा मध्येच होता बरं का." भाव मग मीच विचारला.