वीस एक, एकवीस

पेण काय नि रोहा काय, आम्हा मुलांची दिवेलागण पाढ्यांनीच व्हायची. शुभंकरोती आटोपली की मांडी घालून, पुढेमागे डोलत, दोन ते तीस. एकोणतिसाच्या पाढ्याला कोण अडखळलं, हे शेजारच्या काकूंना बसल्या जागी कळे. पावकी-निमकी आली की पोरगं वाण्याकडे पाठवण्याजोगं झालं. रोह्याचे सी. डी. देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले ते पाढ्यांच्या जोरावर, असं आमच्या मास्तरांचं ठाम मत होतं.

आता दिवेलागणीला मालिकांची शीर्षकगीतं ऐकू येतात आणि हिशेब मोबाईल करतो. तो चुकत नाही. डोलतही नाही.

पण त्या सुरात सगळे कुठे होते? वाडीवरची कातकरी मुलं दिवाळीनंतर आईबापांमागून वीटभट्टीवर जात आणि पावसाच्या तोंडावर परतत. तोवर वर्ग तेरावरून एकोणिसावर गेलेला. त्यांची जागा मागच्या रांगेत. ‘सदुसष्ट’ ऐकून ७६ लिहिलं की छडी. कानावर सात आधी पडला म्हणून हातानेही तो आधी लिहिला, यात पोराचं काय चुकलं, हे मास्तरांना कुणी विचारलं नाही.

विचारलं ते मंगला नारळीकरांनी. संख्यासिद्धांतात संशोधन, केंब्रिजमध्ये अध्यापन, संसार, मुली आणि मग १९८१मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. एवढं झाल्यावर या बाई दुसरीच्या पुस्तकात डोकं घालून बसल्या, याचंच आम्हाला अप्रूप वाटायला हवं होतं. बालभारतीच्या गणित समितीच्या त्या प्रमुख होत्या. २०१९मध्ये पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ आलं आणि महाराष्ट्र खवळला. विधानसभेतही थट्टा झाली. दशक आधी म्हटलं की लिहिणं सोपं जातं, दाक्षिणात्य भाषांत असंच मोजतात, हे त्यांनी शांतपणे सांगून पाहिलं.

खवळणाऱ्यांत आमची पिढी पुढे. तोंडी मराठीचा अभिमान. पोटात दुखणं वेगळंच. आम्ही छड्या खाऊन जे मिळवलं, ते आता कुणालाही फुकट मिळणार!

आज आळीतली नात ‘साठ सात, सदुसष्ट’ म्हणते आणि ६७ बिनचूक लिहिते. चांगलंच आहे. तिच्यासोबत चार पोरं मोठ्याने ओरडत नाहीत, एवढंच आम्हाला चुकल्याचुकल्यासारखं होतं. बाकी ‘वीस एक’ पुस्तकातून काढा म्हणणाऱ्यांपैकी कुणी वीटभट्टीवर ‘एकवीस’ शिकवायला गेल्याचं आमच्या पेणमध्ये तरी ऐकिवात नाही.