हवा शेडात होती, पाल्यात नव्हती

रेशमाच्या अळीला नाक नसतं, एवढं मला पहिल्या बॅचआधीही माहीत होतं. मग ती श्वास कुठून घेते, हा प्रश्न मात्र कधी पडला नाही. माझं जे काही नुकसान झालं, ते या न पडलेल्या प्रश्नामुळं.

आमचं शिवार गेवराई तालुक्यातलं, कापसाचं. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं कापूस पोखरला, तेव्हा आम्ही थोडी तुती लावली. जन्मभर अळ्या मारलेला माणूस अळ्या पाळायला बसला.

पहिली चूक हसण्यासारखी होती. अळ्या मोठ्या झाल्या तशी त्यांच्या दोन्ही कुशींना काळपट ठिपक्यांची रांग दिसायला लागली. पेब्रिन रोगात अंगावर मिरपूड भुरभुरल्यासारखे डाग पडतात, हे प्रशिक्षणात ऐकलेलं. मी घाबरून ठिपकेवाल्या अळ्या वेचून चुन्याच्या बादलीत टाकू लागलो. कामाला येणाऱ्या मावशी थोडा वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "भाऊ, बिनठिपक्याची एक तरी दाखवा मला." शोधून एकही सापडली नाही. मारलेल्या सगळ्या धडधाकट होत्या.

ते ठिपके म्हणजे अळीची श्वासरंध्रं. नऊ जोड्या असतात. एक डोक्यामागच्या पहिल्या खंडावर, आठ पोटावर. प्रत्येक रंध्रातून आत नळी जाते, तिला फांद्या फुटत फुटत शेवटी केसाहून बारीक टोकं थेट पेशींना जाऊन भिडतात. माणसात फुप्फुसातला प्राणवायू पेशीपर्यंत नेतं ते रक्तातलं हिमोग्लोबिन. मासा कल्ल्यांनी आणि गांडूळ ओल्या कातडीनं श्वास घेतं, तरी पुढची वाहतूक त्यांच्यातही रक्तच करतं. अळीनं हा मधला हमालच ठेवलेला नाही. तिचं रक्त अन्न वाहतं, पण त्यात हिमोग्लोबिन नाही. प्राणवायू पाण्यापेक्षा हवेत हजारो पटींनी वेगानं पसरतो, म्हणून हवेनं भरलेल्या नळ्यांवर तिचं भागतं. हे पसरणं एवढ्या जिवाला पुरतं, हे डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोघ यांनी १९२० मध्ये मोजून दाखवलं. आणि ही नळ्यांची रचना पहिल्यांदा नीट उलगडली ती आपल्याच रेशीमअळीत! इटलीच्या मार्चेल्लो माल्पिघी यांचा या अळीवरचा ग्रंथ १६६९ चा. रंध्रांना तेल लावलं की अळी मरते, हेही त्यांनी करून पाहिलं होतं.

ते वाचताना मला कापसातला मावा आठवला. साबणाचं पाणी मी वर्षानुवर्षं वरूनच फवारत आलो आणि "या पाण्यात दम नाही" म्हणत आलो. साबण काही पोटात जाऊन मारत नाही. तो किडीच्या अंगावर बसावा लागतो, तिचं कवच बिघडवतो, रंध्रं बुजवतो. मावा बसतो पानाखाली. माझं पाणी पानावर पडून ओघळून जायचं आणि मी दोष साबणाला द्यायचो.

खरी महागात पडलेली चूक हिवाळ्यातली. अळीला २४ ते २८ अंशांची ऊब लागते आणि गोदाकाठची थंडी रात्री अंगात शिरते. मी शेडला चारी बाजूंनी ताडपत्री बांधली, खालच्या फटी पोत्यांनी बुजवल्या आणि आत कोळशाच्या शेगड्या ठेवल्या. अळ्या शेवटच्या अवस्थेत होत्या. आयुष्यभराच्या पाल्यातला बहुतांश पाला त्या याच दिवसांत खातात. सारखं फांद्या टाकायला जाणं नको, म्हणून मी एकदम जाड थर दिला, त्यातही सकाळच्या दवात भिजलेला पाला. पहाटे आत गेलो तर डोकं गरगरलं, मळमळलं. दोन दिवसांत अळ्या मऊ पडून काळ्या व्हायला लागल्या, वास सुटला. मी गावभर सांगत सुटलो, धुरानं घात केला.

हे सांगणंही चुकीचंच होतं. माझं डोकं गरगरलं ते कार्बन मोनॉक्साइडनं. हा वायू हिमोग्लोबिनला चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवतो. अळीच्या रक्तात हिमोग्लोबिनच नाही, मग तो माझ्यासारखा तिचा गळा कसा धरणार? रोग होता फ्लॅचरी, आणि त्याला वाट करून दिली ती मीच दिलेल्या थरानं. खाली ओला पाला आणि विष्ठा कुजत होती, अमोनिया निघत होता, हजारो अळ्यांचा कार्बन डायऑक्साइड तिथंच साचत होता. कार्बन डायऑक्साइड वाढला की किड्यांची रंध्रं उघडीच राहतात; प्रयोगशाळेत माश्यांना बेशुद्ध करायला हाच वायू वापरतात. अळीची रंध्रं तिच्या कुशीला, पाल्याच्या आत. मी हवा जोखत होतो उभ्या माणसाच्या नाकानं, चार फुटांवरून.

मोल्टच्या वेळचं एक सांगायचं राहिलं. अळी कात टाकते तेव्हा नळ्यांचं आतलं अस्तरही त्या रंध्रांतूनच ओढून बाहेर टाकते, कारण नळ्या म्हणजे आत वळलेली कातडीच. अशा वेळी मी "अळ्या सुस्त का?" म्हणून हातानं ढवळायचो, वर ताजा पाला टाकायचो. त्या मागं पडायच्या, बॅच खालीवर व्हायची, कोष हलके भरायचे. आता मोल्ट बसला की पाला बंद, बेडवर चुना पातळ आणि हात खिशात.

यंदा थंडीत नवीन बॅच घेणार असाल तर ताडपत्री वाऱ्याच्या बाजूनंच बांधा, वरची झडप उघडी ठेवा, पाला कोरडा आणि थोडाथोडा द्या. हवा बघायची असेल तर खाली वाकून थेट बेडात हात घाला. दमट, गरम लागलं तर थर लगेच मोकळा करा. आणि कोळशाची शेगडी बंद शेडात अजिबात ठेवू नका. तिथं अळीच्या आधी तुम्ही मराल.