गंधर्व नाल्याची पायरी

पहाटे तीन वाजता मधुबनच्या धर्मशाळेतून ते गृहस्थ एकटेच बाहेर पडले. वय सहासष्ट, उभे आयुष्य धान्याच्या घाऊक व्यापारात गेलेले. फाटकापाशीच डोलीवाल्यांनी घेरले. डोलीचा दर यात्रेकरूच्या वजनावर ठरतो. जन्मभर दुसऱ्यांच्या पोत्यांचे वजन करणाऱ्या या माणसाला स्वतः काट्यावर उभे राहणे काही रुचले नाही. काठी घेऊन ते चालू लागले.

नऊ किलोमीटर चढ, नऊ किलोमीटर टोंकांची फेरी, नऊ किलोमीटर उतार. सम्मेदशिखराच्या वंदनेचा हा २७ किलोमीटरांचा हिशेब वाचकांना पाठ असतोच. त्यांनाही होता. पाच वर्षांपूर्वी हीच वाट त्यांनी नऊ तासांत पुरी केली होती आणि पुढे प्रत्येक लग्नकार्यात ती हकिकत सांगितली होती. (डोंगर वेगाने चढण्यात पुण्य अधिक, असे कोणी ठरवले कोण जाणे.) त्या हकिकतीत एक गोष्ट येत नसे. सोबत पत्नी होती. गंधर्व नाल्यापाशी तिला धाप लागली, तेव्हा ‘तू बस, मी जाऊन येतो’ असे म्हणून ते पुढे निघून गेले होते. तिने पुढे कधी तक्रार केली नाही. गेल्या चैत्रात ती वारली.

उजाडले तेव्हा ते बरेच वर आले होते. शरदातले अरण्य पावसाने तृप्त, खाली सालवृक्षांची दाटी, दरीत धुके. संथाळ लोक याच पर्वताला ‘मरांग बुरू’ म्हणून पूजतात. रिकामी डोली घेऊन मागून येणाऱ्या एका वृद्धाने वळणावर थांबून शिखराकडे हात जोडले, त्यांनीही जोडले. चंद्रप्रभूंच्या टोंकेकडे जाणारी दूरची वाट गुडघ्यांना जड गेली. पार्श्वनाथांच्या टोंकेवर, १३६५ मीटर उंचीवर, ते पोहोचले तेव्हा दुपार होत आली होती. दर्शन घेतले, जप केला. मागच्या खेपेस येथे पोहोचताच त्यांनी प्रथम घड्याळ पाहिले होते. आज ते धर्मशाळेतच ठेवून आले होते.

उतरताना गंधर्व नाल्यापाशी ती पायरी त्यांनी ओळखली. बसले. थोड्याच वेळात अंगावरचा घाम गार झाला, पाठीत कळ येऊ लागली. येणारेजाणारे बघत, पुढे करण्यासारखे काहीच नाही. ती येथे सहा तासांहून अधिक वेळ बसली होती. सोबत पाण्याची बाटली तरी होती का, हे त्यांना आठवेना. कारण ते त्यांनी तेव्हाही विचारले नव्हते.

डोलीवाले परतू लागले. सकाळचा तो वृद्ध थबकला आणि मागे कोणी राहिले आहे का, असे त्याने विचारले. त्यांनी नकारार्थी मान हलवली. पण उठले मात्र नाहीत. वृद्धाने खांद्यावरचा दांडा खाली टेकवला आणि शेजारच्या पायरीवर बसून तंबाखू मळू लागला.