आईला समोर आण

दहा वर्षांची पोरगी दीड वर्षाच्या बहिणीला कडेवर घेऊन उसाच्या फडाजवळच्या कोप्यांपासून गावातल्या अंगणवाडीपर्यंत चालत जाते आणि तिथं तिला सांगितलं जातं, ‘आईला समोर आण, मग पाकीट देते.’ ही पोरगी माझी पुतणी, धाकट्या दिरांची थोरली. सांगणारी बाई माझ्यासारखीच अंगणवाडी सेविका. कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, टोळ्या गावाला आल्या, हिशोब झाले, तरी ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. त्या सेविकेच्या जागी मी असते तर मलाही तेच सांगावं लागलं असतं, हे कळतं म्हणून जास्तच लागतं.

आम्ही बीड जिल्ह्यातले. आमच्याकडं दिवाळी झाली की निम्मं गाव ट्रॅक्टर-ट्रकात बसून सांगली, कोल्हापूर, सातारा नाहीतर कर्नाटकात उतरतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत ऊस तोडायचा. मला अंगणवाडीचं काम लागलं म्हणून आम्ही दोघं गावात राहिलो. धाकटे दीर आणि जाऊ दरवर्षी जातात.

2025 च्या सप्टेंबरात पाऊस असा झाला की काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं आणि कपाशीची बोंडं काळी पडली. घरात साठवलेली ज्वारीसुद्धा भिजली. एरवी जाऊ जाताना ज्वारी-बाजरीची पोती बरोबर नेते, तेवढ्यावर तिकडचे पहिले दोन-तीन महिने निघतात. यंदा न्यायला धान्यच नव्हतं. रेशनकार्ड कुठल्याही गावात चालतं असं सांगतात, आणि ते चालतंही. पण माणशी पाच किलो धान्य तिकडं उचललं तर तेवढं इकडं कमी होणार. इकडं सासू-सासरे आणि जाऊचा मधला मुलगा त्याच कार्डावर जेवतात. तेव्हा रेशन गावातच ठेवायचं ठरलं आणि जाऊ किराणा उधार घेऊन गेली. मुकादमानं तो उचलीत धरला.

धाकटीला न्यायचं की ठेवायचं यावर घरात वाद झाला होता. मी म्हणाले, न्या. लेकरू अंगावर पितंय, आईपासून तोडू नका. तिला सांभाळायला थोरलीची शाळा सुटली. मधला आजीजवळ राहून शाळेत जातो. थोरलीही राहिली असती, पण फडात लेकरू कुणी बघायचं? आमच्याकडं पोरींची शाळा अशी सुटते. कुणी रागानं सोडवत नाही. दिवाळीच्या तोंडावर कामाची वाटणी होते आणि पोरीच्या वाट्याला लेकरू येतं.

निघण्याआधी मी कागदोपत्री काही म्हणता काही बाकी ठेवलं नव्हतं. 1 जुलै 2025 पासून पोषण आहाराचं पाकीट द्यायचं तर लाभार्थ्याचा चेहरा मोबाइलवर जुळावा लागतो. लेकरू लहान असेल तर नोंदवलेल्या पालकाचा. जाऊच्या आधारला दिरांचा जुना नंबर जोडलेला होता, तो बदलून घेतला. जाऊचा चेहरा नोंदवला. पोषण ट्रॅकरवर धाकटीचं नाव तिकडच्या अंगणवाडीत वर्ग होईल अशी सोय केली आणि तिकडच्या सेविकेला फोन केला. बाई चांगल्या बोलल्या. म्हणाल्या, ‘पाठवून द्या ताई, आमच्याकडं बीडची लेकरं दरवर्षी असतात.’ धाकटीच्या दंडाला मी कुपोषण मोजायची पट्टी लावून पाहिली, 12.9 सेंटिमीटर. पट्टीचा हिरवा भाग. साडेबाराच्या खाली गेलं की पिवळा, साडेअकराच्या खाली लाल. मी निर्धास्त होते.

महिन्याभरानं रात्री जाऊचा फोन आला. ‘आक्का, त्या बाईनं थोरलीला मोकळंच लावून दिलं. म्हणती, आई लागती समोर.’

मी सेविकेला फोन केला. त्या म्हणाल्या, ‘ताई, मी काय करू? पोरीचा चेहरा जुळत नाही, आईचा जुळल्याशिवाय वाटप नोंदच होत नाही. नोंद न करता दिलं तर स्टॉक जुळत नाही, भरून मला द्यावं लागतं.’ खोटं काहीच नव्हतं. मीही याच मोबाइलवर हेच काम करते.

आता आई समोर कशी येणार ते बघा. जाऊ रात्री तीनला उठते. चुलीवर भाकरी-कोरड्यास करते, पाणी भरते, आणि अंधारातच फडात जाते. तोडायचं, पाचट काढायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायच्या. परतायला दिवस मावळतो. गाडी उशिरा आली तर रात्रही होते. अंगणवाडी दहाला उघडते आणि दुपारी बंद होते. रविवारी अंगणवाडीला सुट्टी असते, फडाला नसते. आई अंगणवाडीत गेली तर कोयता अर्धा होतो आणि मुकादम खाडा धरतो. दिरांच्या टोळीत खाड्याचे पाचशे रुपये कापतात. आणि पाकिटाची किंमत? लहान लेकरामागे दिवसाला आठ रुपये हा दर 2017 साली ठरला. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर दोनशे रुपये. दोनशेचा आहार आणायला पाचशेचा खाडा. जाऊ शाळेत चौथीपर्यंत गेलेली आहे, पण हा हिशोब तिनं मला एका दमात सांगितला.

संक्रांतीला मी स्वतः गेले. कोप्यांवर पोचले तेव्हा माणसं फडात होती, थोरली तेवढी दारात बसलेली. पाचटाची कोपी, आत वाकूनच जावं लागतं. कोपऱ्यात तांदळाची पिशवी, एका डब्यात चटणी, दोरीवर ओली बाळोती. थोरलीनं धाकटीला पुढ्यात घेऊन कोऱ्या चहात पाच रुपयांच्या पुड्यातलं बिस्किट बुडवून तिच्या तोंडात घातलं. सकाळपासून तेच चाललं होतं. एकही बिस्किट स्वतः खात नव्हती, मोजून तिला देत होती. दुपारी फडात आईकडं पाजायला न्यायची आणि परत आणायची. मी पर्समधून पट्टी काढली आणि धाकटीच्या दंडाला लावली. 11.6. परत लावली, तेवढीच. लालपासून एक मिलिमीटर.

दुसऱ्या दिवशी मी थोरलीला आणि धाकटीला घेऊन त्या अंगणवाडीत गेले. सेविकेनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांनाही धाकटीकडं बघून वाईट वाटलं. मी म्हणाले, जाऊला व्हिडिओ कॉल लावू, तुम्ही तुमच्या मोबाइलवर तो चेहरा घेऊन बघा. जाऊनं फडातून फोन उचलला. चेहऱ्यावर काळं, डोक्याला फडकं बांधलेलं. ‘फडकं काढ,’ मी म्हणाले. तिनं काढलं. ‘उजेडाकडं तोंड कर.’ केलं. मागून मुकादम ओरडत होता, तो आवाज आम्हाला येत होता. सेविकेनं आपला मोबाइल माझ्या मोबाइलसमोर धरला, कधी जवळ, कधी लांब. चेहरा जुळला नाही. ते बरोबरच आहे म्हणा, फोटोवर पाकीट मिळायला लागलं तर कुणीही कुणाचं नेईल. पण ती बाई त्या पडद्यावर जिवंत उभी होती, तिचं लेकरू माझ्या मांडीवर होतं, पाकिटांचं खोकं आमच्या पायाशी होतं, आणि आम्ही दोघी सेविका असून ते उघडू शकत नव्हतो. अखेर जाऊच म्हणाली, ‘राहू द्या आक्का, गाडी आली.’

सेविकेनं मग मोठ्या मुलांसाठी शिजलेली खिचडी एका ताटलीत काढून धाकटीपुढं ठेवली. ती तिच्या नावावर धरता येत नव्हती. धाकटीनं दोन्ही हातांनी खाल्ली. थोरलीलाही वाढली तेव्हा ती आधी माझ्याकडं बघत राहिली.

मी तिथंच पर्यवेक्षिकांना फोन लावून द्यायला सांगितलं. उत्तर मिळालं, ‘आईला एक दिवस पाठवा ना, लेकरासाठी एवढंही जमत नाही का?’ या वाक्याचा राग मला अजून आहे. लेकरासाठी जमत नाही असं कुणाला म्हणता? जी बाई बाळंतपणानंतर दोन महिन्यांत मोळी डोक्यावर घेते, लघवीला आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी कमी पिते, तिला? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं सर्वेक्षण झालं तेव्हा 82 हजारांवर बायकांमध्ये 13 हजार 861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यामागं काय काय आहे ते तज्ज्ञ सांगतील. मला एवढं दिसतं की पोट दुखलं तरी खाडा, पाळी आली तरी खाडा, लेकरू आजारी पडलं तरी खाडा. ज्या बाईच्या अंगात रक्त कमी आणि जिची भाकरी चटणीबरोबर, तिच्या अंगावर पिणारं लेकरू कशानं भरणार? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त, 54.2 टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या, आणि पाच वर्षांखालची 35 टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी. ते आकडे आमच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवतात. त्यातली किती लेकरं वर्षातले पाच-सहा महिने कुठल्याच अंगणवाडीच्या वजनकाट्यावर येत नाहीत, ते कुणी वाचून दाखवत नाही.

चेहरा जुळवण्याच्या मी विरोधात नाही. आमच्याच गावात आधी पाकिटं म्हशीच्या आंबोणात जायची, नसलेल्या लेकरांची नावं पटावर असायची. नियम आला तेव्हा मला बरं वाटलं होतं आणि गावात बसून वाटप करताना आजही बरंच वाटतं. बाया येतात, मोबाइलसमोर उभ्या राहतात, घेऊन जातात. पण घरी असलेल्या बाईसाठी केलेला नियम फडातल्या बाईला लावला की तो तिच्या तोंडचा घास काढून घेतो. पाकीट कोपीवर न्या ना. संध्याकाळी सातला न्या, माणसं तेव्हा चुलीपुढं असतात, चेहरा तिथंच जुळेल. त्या वेळेचा सेविकेला वेगळा भत्ता द्या, फुकट नको. मी त्या टोळीत सहा वर्षांखालची लेकरं किती, याचा कागद मागितला, तर कुणाकडंच नव्हता. ऊस मात्र काट्यावर गेला की किती टन भरला याची पावती लगेच निघते. तोडणीचा दर 2024 च्या सुरुवातीला 34 टक्क्यांनी वाढला, त्याचा आम्हाला आनंद आहे, भांडून मिळालेला आहे. पण दरासाठी जशी बैठक बसते तशी लेकरांच्या जेवणासाठी एकदा बसवा. मुकादम, कारखाना, अंगणवाडी एका जागी. आणि बायांनो, तुम्हीही उचल घेताना एवढं आधी बोलून घ्या की महिन्यातला अर्धा दिवस लेकराचा, त्याचा खाडा नाही. एकटीनं बोलाल तर मुकादम हसेल, टोळीतल्या सगळ्याजणी बोलाल तर ऐकेल.

निघताना मी गावाहून नेलेले शेंगदाणे, गूळ आणि नाचणीचं पीठ ठेवून आले. थोरलीला पेज करायला शिकवलं, तिनं दोनदा करून दाखवली तेव्हाच मी निघाले. पण ते किती दिवस पुरणार? जाऊनं फेब्रुवारीत एकदा खाडा देऊन पाकीट आणलं. पुढच्या महिन्यात नाही आणलं.

आता सगळे घरी आहेत. धाकटी माझ्याच अंगणवाडीत येते, दंड पिवळ्यात आहे, हळूहळू भरतोय. दिरांची उचल फिटली नाही, म्हणजे दिवाळीनंतर परत जाणं आलंच. सासूबाई म्हणतात, या खेपेला धाकटीला आक्काजवळ ठेवा. जाऊ काही बोलत नाही. जी मी ‘आईपासून तोडू नका’ म्हणून भांडले, त्या माझंच मत आता डळमळलंय. इथं निदान गरम जेवण आहे, पट्टी आहे, मी आहे. पण तिला इथं ठेवलं तरी मोबाइलवर चेहरा आईचाच नोंदलेला आहे. आजीचा नोंदवता येतो का म्हणून मी वर लेखी विचारलंय. उत्तर आलेलं नाही. आणि नोंदवता आला तरी, दीड-दोन वर्षांच्या लेकरानं पाकिटासाठी आई सोडावी असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. थोरलीची शाळा मात्र मी या खेपेला सुटू देणार नाही, हे दिरांना आत्ताच सांगून ठेवलंय. त्यावर ते म्हणाले, ‘मग वहिनी, फडात धाकटीला कोण बघणार?’