तिएनलुंगशानचं मस्तक

तायुआन हे चीनच्या शान्सी प्रांतातलं कोळशाचं आणि पोलादाचं शहर. तिथून नैऋत्येला तिएनलुंगशानचा डोंगर आहे. घाटात एक उंच पूल गोल वेढे घेत वर चढतो आणि बरेचजण तो पाहायलाच येतात. आम्हाला मात्र लेणी गाठायची होती.

सहाव्या शतकात, पूर्व वेई राजवटीत, इथे खोदकाम सुरू झालं आणि थांग काळापर्यंत चालू राहिलं. भारतातली डोंगर कोरण्याची परंपरा मध्य आशियामार्गे चीनमध्ये पोचली होती. त्यामुळे कार्ले-अजिंठा पाहिलेल्या माणसाला इथले कोनाडे, पद्मासनातला बुद्ध लगेच ओळखीचे वाटतात.

आठवं लेणं सुई राजवटीतलं, इ.स. 584 चं. दारातून आत पाहिलं. उत्तरेच्या भिंतीतल्या बुद्धाचं धड झिजलेलं, आणि मानेच्या वर नुसता खडक. मन विषण्ण झालं. शेजारच्या लेण्यांतही तेच, एकामागून एक.

1918 मध्ये जपानी अभ्यासक सेकिनो तादाशी इथे आले. त्यांनी लेण्यांची माहिती आणि छायाचित्रं प्रसिद्ध केली आणि कलावस्तूंच्या व्यापाऱ्यांचे डोळे इकडे वळले. ओसाकाचे व्यापारी यामानाका सादाजिरो 1924 आणि 1926 मध्ये येऊन गेले. अखंड मूर्ती कड्यापासून सोडवणं जड काम. मस्तक मात्र छिन्नीने तोडून पेटीत घालता येतं. बघता बघता लेणी उजाड झाली आणि इथलं शिल्प जपान, अमेरिका, युरोपात विखुरलं. ‘प्राचीन बुद्धमस्तक’ म्हणून जे मिरवतं, ते मुळात मस्तक म्हणून घडवलेलंच नव्हतं. हे जतन नव्हे, चोरीच.

आठव्या लेण्यातलं मस्तक 2020 मध्ये टोकियोच्या एका लिलावात दिसलं. चीनच्या पुरातत्त्व खात्याने हरकत घेतली, विक्री थांबली, आणि जपानमधल्या एका चिनी व्यावसायिकाने ते विकत घेऊन चीनला दिलं. जुलै 2021 मध्ये ते या डोंगरावरच्या संग्रहालयात परतलं. गोल चेहरा, अर्धवट मिटलेल्या पापण्या, ओठांच्या कडांवर किंचित हसू. काचेपुढे मी बराच वेळ उभी होते.

तुम्हाला कुठल्याही संग्रहालयात चौथऱ्यावर असं मस्तक दिसलं, तर चेहऱ्याआधी मानेखालचा तुटका भाग पाहा. पाटीवर लेण्याचं नाव नसेल, तर ते तिथल्या माणसांना जरूर विचारा.